काय काय बंद पडलंय? सौम्य नैराश्य ओळखून सावरायचं कसं

सौम्य नैराश्य असलेला माणूस बहुतेक वेळा कामावर हजर असतो, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानावर बसणारा पन्नाशीतला एखादा दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. सौद्याला वेळेवर पोचतो, पट्ट्या लिहितो, हिशेबात चूक नाही. घरी आला की मात्र चप्पल काढून जो पलंगावर पडतो, तो जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाही. भावे नाट्यमंदिरात चांगलं नाटक लागलं की पूर्वी तिकिटं हाच काढून आणायचा. आता ‘बघू’ म्हणतो. दाढी दिवसाआड. भावाचा फोन वाजतो तेव्हा बघतो आणि तसाच वाजू देतो. बायकोला वाटतं वय झालं. त्याला स्वतःला वाटतं ॲसिडिटी आहे.

अशा माणसाला ‘काय होतंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ तो खोटं बोलत नसतो. रडू येत नाही, डोक्यावर मोठं संकट नाही, मग सांगणार काय? त्याऐवजी विचारा, ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय बंद पडलं?’ मग यादी सुरू होते आणि बराच वेळ थांबत नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे. दुखणं ओळखायचं बंद पडलेल्या गोष्टींवरून, आणि सावरायचं त्याच गोष्टी थोड्या थोड्या सुरू करून.

आधी रेषा कुठे आहे ते बघू

डॉक्टर नैराश्याचं निदान करताना नऊ लक्षणं बघतात. मन उदास असणं. कशातच रस न वाटणं. झोप बिघडणं, म्हणजे न लागणं किंवा फार लागणं. भूक किंवा वजन बदलणं. थकवा. हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट सारखी अस्वस्थ येरझार. आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं, असं वाटत राहणं. लक्ष न लागणं, साधे निर्णय न घेता येणं. आणि मरणाचे विचार. यातली पाच किंवा जास्त लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असतील, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी असेल आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असेल, तर ते निदानाच्या रेषेपलीकडे गेलं.

दोन, तीन, चार लक्षणं असणारे रेषेच्या अलीकडे राहतात. डॉक्टरी भाषेत याला सबथ्रेशोल्ड डिप्रेशन म्हणतात. ही अवस्था पुष्कळांची आपोआप निवळते, हे खरं. पण ज्यांना ती असते त्यांना पुढे पुरतं नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हेही तितकंच खरं. म्हणून ‘एवढं काही नाही’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही, आणि घाबरून लगेच गोळ्या मागायचीही नाही.

घरी बसून अंदाज घ्यायचा तर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. ती २००१ साली प्रसिद्ध झाली, वापरायला मोफत आहे आणि मराठीतही मिळते. वरच्या नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास अजिबात नसेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. बेरीज जास्तीत जास्त २७ होते. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे गंभीर होत जातं. हा लेख मुख्यतः ५ ते ९ मधल्यांसाठी आहे. १० किंवा जास्त आले तर वाचा जरूर, पण डॉक्टरांची वेळ आधी घ्या. आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं या विचारांना, शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, कुणाशी तरी आजच बोला.

प्रश्नावली हे निदान नव्हे. फ्लू होऊन गेलेल्या आठवड्यातसुद्धा ती ८ दाखवू शकते. म्हणून तारीख घालून आकडा वहीत लिहा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा.

एक प्रकार इथे निसटतो. दोन वर्षं किंवा जास्त काळ बहुतेक दिवस मन उदासच, लक्षणं मोजकी, पण कधी दोन महिनेही सलग बरे गेलेले नाहीत. अशा माणसाबद्दल घरात ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असं ठरून गेलेलं असतं. तो स्वभाव नसतो. या दीर्घकाळच्या नैराश्याला वेगळं निदान आहे, उपचार आहेत, आणि तिथे एकट्याने वही घेऊन बसण्यात वेळ घालवू नये.

शरीराची झडती

मनाकडे वळण्याआधी रक्त तपासून घ्या. थायरॉईड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी असण्याचं प्रमाण शाकाहारी घरांत बरंच असतं. हातापायांना मुंग्या आणि थकवा ही त्याची ओळखीची खूण. बायकांमध्ये हिमोग्लोबिन. चाळिशीनंतर साखर. फॅमिली डॉक्टरांना सांगून टीएसएच (ही थायरॉईडची तपासणी), ब-१२, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा करून घेतली की निम्मी शंका फिटते. कुठली गोळी नव्याने सुरू झाल्यानंतर हे वाटायला लागलं का, तेही आठवून सांगा. स्टेरॉईडसारख्या काही औषधांनी मन बिघडतं.

दारूबद्दल स्पष्ट बोलू. ‘थोडी घेतली की झोप लागते’ हे अर्धं खरं आहे. झोप लागते आणि पहाटे तीनला मोडते, मग छतावर नजर लावून पडून राहायचं. दारू मनाला खालीच ओढते. दोन-तीन आठवडे बंद ठेवून बघा, पुष्कळदा आकडा तेवढ्यानेच उतरतो. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम बंद करू नका; हातापायांना कंप सुटतो, झटके येऊ शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. मेडिकलमधून ओळखीवर आणलेली झोपेची गोळी त्याहून वाईट. तिची सवय लागते आणि नैराश्याला तिचा उपयोग नाही.

बाळंतपणाला वर्ष झालेलं नसेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

आठवडाभराची वही

आता कामाला लागू. शंभर पानी वही घ्या, मोबाइलवर नको. पहिल्या पानावर बंद पडलेल्या गोष्टींची यादी. मोठ्या गोष्टी शोधू नका. सकाळी पेपर वाचणं, कुंडीला पाणी घालणं, भजनाला जाणं, मुलाला अभ्यासाला घेऊन बसणं, मित्राबरोबर चहा, आवडीची भाजी स्वतः जाऊन आणणं, दाढी. यादी करताना वाईट वाटेल. ती करून ठेवा, आज तिचं काहीच करायचं नाही.

मग सात दिवस फक्त नोंद. दोन-दोन तासांनी काय करत होतो आणि मन ० ते १० मध्ये कुठे होतं, एवढंच. त्या दिवाणजींच्या वहीतली एक संध्याकाळ अशी दिसेल:

संध्या. ६ ते ७: घरी आलो, पडून. मन ३.
७ ते ८: पलंगावरच, मोबाइल. मन २.
८: नातीचा व्हिडिओ कॉल, तिने कविता म्हणून दाखवली. मन ५.
९: जेवण, बातम्या. मन ३.
११: झोप नाही, मुलाच्या कर्जाचा विचार. मन १.

यात दोन गोष्टी दिसतात. ज्या पडून राहण्याला तो विश्रांती समजतो, त्याने मन तीनवरून दोनवर आलंय. आणि नातीचा फोन न मागता आला, तर मन पाचवर गेलं. म्हणजे यंत्रणा मेलेली नाही. आठवड्याच्या शेवटी वही चाळा आणि आकडा वर नेणाऱ्या तीन आणि खाली नेणाऱ्या तीन गोष्टींवर खूण करा. बहुतेकांच्या खालच्या यादीत मोबाइल हातात घेऊन पडून राहणं असतंच. मलाही ते फार सुखाचं वाटतं. म्हणून तर ते अवघड आहे.

मन लागायची वाट न बघता

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. नैराश्यात माणूस म्हणतो, ‘जरा बरं वाटू दे, मग जाईन.’ बरं वाटत नाही म्हणून जात नाही, जात नाही म्हणून काही चांगलं घडत नाही, घडत नाही म्हणून आणखी बरं वाटत नाही. हे चक्र तोडायचं तर इच्छेची वाट न बघता कृती आधी करायची. विहिरीवरची मोटर पाणी उचलत नसेल तर आधी आपणच वरून पाणी घालतो, तसं. मानसशास्त्रात या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात पीटर लुइन्सन यांनी तिचा पाया घातला. आपल्याकडे गोव्यात संगाथ या संस्थेने तिच्यावरच आधारलेला कार्यक्रम तयार केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांत तो राबवला, आणि पुरत्या नैराश्याच्या रुग्णांनाही त्याचा फायदा झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. मी हे मुद्दाम सांगतो, कारण ‘चालायला जा’ असा सल्ला ऐकून लोकांना वाटतं की आपल्याला वाटेला लावतायत. हा उपचार आहे, फक्त नीट बांधून करावा लागतो.

बांधायचा कसा? यादीतून दोन गोष्टी निवडा. एक अशी की जिच्यात पूर्वी मजा यायची. दुसरी अशी की जी केल्यावर ‘एक काम हातावेगळं झालं’ असं वाटतं. नुसती मजेची कामं घेतली तर मागे राहिलेली बिलं आणि न केलेले फोन डोक्यात टोचत राहतात. नुसती कामं घेतली तर दोन दिवसांत कंटाळा येतो.

मग त्यांचे तुकडे करा. ‘व्यायाम सुरू करणार’ हा तुकडा नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता घरी न जाता थेट आमराईत, एक फेरी, मग घर’ हा तुकडा. वार, वेळ, जागा आणि कुठे थांबायचं, हे चारही ठरलेलं हवं. घरी गेलो की पलंग दिसतो, म्हणून घरी जाण्याआधी, ही त्यातली खरी युक्ती. ‘कपाट आवरणार’ याऐवजी ‘बुधवारी जेवणानंतर फक्त वरचा कप्पा, पंधरा मिनिटं’. ‘भावाशी बोलणार’ याऐवजी ‘रविवारी दहा वाजता फोन, विषय फक्त गावाकडच्या घराच्या कौलांचा’. तुकडा इतका लहान हवा की वाईट दिवशीही जमावा. जमला नाही तर स्वतःला दोष न देता त्याचे आणखी दोन तुकडे करायचे, एवढाच त्याचा अर्थ.

केल्यावर पुन्हा आकडा लिहा. पहिल्या आठवड्यात गंमत होते: करताना मजा शून्य. हरिपूर रस्त्याने बागेतल्या गणपतीपर्यंत जाऊन आलो, मन तीन होतं ते तीनच. इथे लोक सोडतात. सोडू नका. मजा परत यायला वेळ लागतो. आधी येतं ते ‘निदान जाऊन तरी आलो’. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी आकडा न सांगता वर जातो, आणि बहुधा ज्या गोष्टीकडून अपेक्षा नव्हती तिनेच.

चालण्याबद्दल वेगळं सांगायचं तर, सौम्य नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. कृष्णेच्या घाटावर सकाळी भेटणारी चार माणसं हा त्यातला अर्धा गुण आहे, म्हणून शक्यतो एकट्याने ट्रेडमिलवर नको.

झोपेला एकच नियम पुरेसा आहे: रात्री कितीही वाजता झोप लागो, उठायची वेळ रोज तीच. दुपारची झोप वीस मिनिटांच्या पुढे नको.

डोक्यात चघळत राहणं

वरचं सगळं करूनही रात्री अकराला मुलाच्या कर्जाचा विचार येणारच. तो टाळता येत नाही, त्याला वेळ नेमून देता येतो. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात ही काळजीची वेळ. वही घ्या, डोक्यातलं लिहा, प्रत्येकापुढे एकच प्रश्न: यात मला उद्या करण्याजोगं काही आहे का? असेल तर ते काम वेळ घालून लिहा. नसेल तर नुसती रेघ. रात्री विचार आला की ‘उद्या साडेसहाला’ म्हणायचं. पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटतं.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं उदाहरण घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांची जुलै-ऑगस्टमध्ये झोप उडते. कोयना धरणातून विसर्ग किती, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती, रात्रभर मोबाइल. हा वेडेपणा नाही, भोगलेलं आहे ते. पण दर वीस मिनिटांनी पातळी बघून पाणी उतरत नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोनदाच बघायचं, तेही प्रशासनाच्या अधिकृत माहितीवर. ग्रुपवरचे व्हिडिओ नको, त्यातले निम्मे जुने असतात. आणि बघण्याऐवजी हाताने करायचं: कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या माळ्यावर, औषधं एका डब्यात, कुणाकडे जायचं ते ठरवून त्यांना आधीच फोन. एवढं झालं की रोजची वही पुन्हा सुरू.

तासगाव, पलूस भागातल्या द्राक्षबागायतदारांचं चक्र थोडं वेगळं असतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत ढग आले की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती, रात्री-अपरात्री फवारणी, झोपेचं खोबरं. दर पडला तर उदासी समजू शकतो. पण दर बरा मिळूनही माल गेल्यावर बागेत पाय टाकू नये असं वाटतं, तेव्हा ते नुसत्या थकव्याचंही असतं. आधी दोन आठवडे झोप भरून काढा आणि मग प्रश्नावली भरा. शेतीच्या घरात आणखी एक गोष्ट करायचीच: कीटकनाशकं घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली उदास असलेल्या माणसाकडे नाही. जीव देण्याचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा असतो; त्या मिनिटांत हाताशी विष नसणं हाच बचाव.

घरच्यांनी काय करावं

‘तुला कमी काय आहे?’ हे वाक्य बंद. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हेही बंद, सकाळच्या फुलांच्या मेसेजसकट. त्याऐवजी सोबत करा. ‘चल, मला दूध आणायचंय, येतोस का?’ यात सल्ला नाही, पाय मात्र उचलले जातात. नाही म्हणाला तर वाद नको, उद्या पुन्हा विचारा. त्याची सगळी कामं आपल्या अंगावर घेऊ नका. माया म्हणून सगळं काढून घेतलं की त्याच्या हातात उरलेलं शेवटचं कामही बंद पडतं. आजी देवाचा अंगारा लावत असेल तर लावू द्या, त्याने काही बिघडत नाही. फक्त त्यापायी डॉक्टरांची वेळ पुढे ढकलू नका. आणि मरणाबद्दल विचारायला घाबरू नका. ‘जीव नकोसा होतो का कधी?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं.

दोन आठवडे, चार आठवडे, मग डॉक्टर

दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरा. आकडा उतरत असेल तर तेच चालू ठेवा. आहे तिथेच असेल तर तुकडे तपासा: फार मोठे तर नव्हते? सगळी कामंच तर नव्हती? चार आठवड्यांनीही हलत नसेल, वाढत असेल, किंवा कामावर-घरात अडायला लागलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञ. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल या दोन ठिकाणी कमी खर्चात सोय होते. साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय जवळचं. जायला धीर होत नसेल तर टेलिमानसला फोन लावा: १४४१६. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. जिवाचा धोका वाटत असेल तर माणसाला एकटं सोडू नका. १०८ किंवा ११२.

‘तिथे गेलो की नाव लागतं’ ही भीती खेडोपाडी फार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पहिल्या भेटीला वही घेऊन जा. बंद पडलेल्यांची यादी, तारखांसह प्रश्नावलीचे आकडे, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं. आयुष्यात कधी याच्या उलट काळ आला होता का, म्हणजे झोपेविना चार-पाच दिवस प्रचंड उत्साह, उधळपट्टी, न थांबणारं बोलणं, तर ते विसरू नका. त्यावरून औषध बदलतं. सौम्य नैराश्यात गोळ्या हा साधारणपणे पहिला उपाय नसतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात, रुग्णाला स्वतःला त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यामुळे पाच मिनिटांत चिठ्ठी हातात आली तर ‘आधी समुपदेशन करून बघू का?’ असं जरूर विचारा. आणि गोळ्या सुरू झाल्याच, तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. तोवर वहीतल्या मंगळवारच्या फेऱ्या चालूच ठेवायच्या.